तालमीचे पैसे कोण देणार?

अमेरिकेत भारतीय वंशाची माणसं आज ५० लाखांच्या घरात आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत हाच आकडा १८ लाख ६० हजारांच्या आसपास भरला. कमाईत अमेरिकेतला भारतीय तिथल्या सर्वांत सधन समाजगटांत मोडतो. न्यू जर्सी, ह्यूस्टन, बे एरिया इथे भरतनाट्यम आणि कथकच्या क्लासना तोटा नाही. असं असूनही, भारतीय नृत्यातून निघालेलं आणि परक्या प्रेक्षकानं तिकीट काढून पाहिलेलं नवं काम गेल्या चाळीस वर्षांत बरंचसं ब्रिटनमधून आलं. शोभना जयसिंग, अक्रम खान, आकाश ओडेड्रा, सीता पटेल ही सगळी नावं तिकडची. सीता पटेलनं रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'वर भरतनाट्यम बसवलं. २०२३ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये बॉर्नमथच्या सिम्फनी वाद्यवृंदाच्या जिवंत साथीनं त्याचे प्रयोग झाले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असं काही का होत नाही?

तिकडच्या मुलामुलींत जास्त गुण आहेत म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. इंग्रजाला आपल्या कलेची कदर आहे म्हणून, हे तर त्याहून नाही. माझं उत्तर अगदी रोकडं आहे. नवं काम उभं करायचं तर आठ-दहा जणांना कित्येक आठवडे एका खोलीत कोंडून घ्यावं लागतं. तेवढे आठवडे त्यांचं घरभाडं कुणीतरी भरावं लागतं. आणि एवढं करून काम फसलं, तर त्याच माणसाला पुन्हा संधी देण्याइतका धीर पैसे देणाऱ्याकडे असावा लागतो. ब्रिटनमध्ये हा खर्च सार्वजनिक पैशातून झाला. अमेरिकेत आपल्या लोकांनी कलेवर पैसा काही कमी ओतला नाही, पण तो हॉलवर, दागिन्यांवर, पाहुण्या कलाकारांवर आणि जेवणावळीवर. तालमीवर नाही. या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मराठी मंडळांशी, कारण तालीम म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

ब्रिटनची गोष्ट काही प्रेमातून सुरू झालेली नाही. १९७६ च्या जूनमध्ये पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्या संतापातून जतिंदर वर्मा आणि त्याच्या मित्रांनी पुढच्या वर्षी 'तारा आर्ट्स' ही नाटक कंपनी काढली. पहिलं नाटक केलं ते टागोरांचं. त्याच १९७६ साली नसीम खान यांचा अहवाल आला, 'द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स'. शाळांच्या हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात, देवळांच्या मागच्या खोल्यांत स्थलांतरितांची केवढी कला चाललीय आणि कलेला सरकारी पैसे वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलला तिचा पत्ताच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अहवालाला पैसे देणाऱ्यांत खुद्द आर्ट्स कौन्सिल होती, हे विशेष. १९७९ मध्ये तारा राजकुमार यांनी लंडनमध्ये भारतीय नृत्याची अकादमी काढली, ती आजही 'अकादमी' याच नावानं चालते. १९८९ मध्ये सुधा भुच्चर आणि क्रिस्टिन लँडन-स्मिथ यांची 'तमाशा' कंपनी निघाली. (नाव वाचून आपल्या कानात ढोलकी वाजते, पण आपल्या फडाशी तिचा काही संबंध नाही.) 'ईस्ट इज ईस्ट' हे नाटक १९९६ मध्ये आलं ते तिच्याच पुढाकारानं. तीन वर्षांनी त्याचा सिनेमा झाला.

सिनेमाचं गणित याहून स्पष्ट दिसतं. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झाली, तेव्हा बाकीच्या वाहिन्या ज्यांना विचारत नाहीत अशा प्रेक्षकांसाठी कार्यक्रम करायची जबाबदारी कायद्यानंच तिच्यावर टाकली होती. या वाहिनीनं टीव्हीसाठी म्हणून सहा लाख पौंडांच्या आसपास खर्चून एक सिनेमा काढवला, १९८५ चा 'माय ब्युटिफुल लाँड्रेट'. लेखन हनीफ कुरेशीचं. पाकिस्तानी घरातला एक मुलगा काकाच्या पैशानं पडीक लाँड्री चालवायला घेतो. त्याचा प्रियकर एक गोरा पोरगा, जो एकेकाळी वर्णद्वेषी टोळक्यातून फिरायचा. घरातली वडीलधारी माणसं थॅचरबाईंच्या काळात नोटा छापण्यात गर्क. न्यूयॉर्कमध्ये या सिनेमाविरुद्ध पाकिस्तानी संघटनेनं निदर्शनं केली. आता विचार करा, समाजातल्या दानशूर मंडळींकडे जाऊन कुरेशीनं ही गोष्ट वाचून दाखवली असती, तर चहा तरी मिळाला असता का? १९९३ च्या 'भाजी ऑन द बीच'चंही तेच. मीरा स्यालनं लिहिलेल्या आणि गुरिंदर चढ्ढानं दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात पंजाबी बायका एका दिवसासाठी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला जातात. त्यात नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेली बाई आहे, कृष्णवर्णीय मुलापासून दिवस गेलेली मुलगी आहे, आणि 'आपली संस्कृती' या नावाखाली त्या दोघींना बोल लावणाऱ्या मावश्याही आहेत. पैसे पुन्हा चॅनल फोरचे. समाजाच्या वर्गणीतून समाजाला आरसा दाखवता येत नाही, हे तिथल्या कलावंतांना लवकर कळलं.

नृत्यात हेच कसं घडलं ते शोभना जयसिंगच्या एका कामातून नीट दिसतं, म्हणून तिथं जरा थांबतो. १८३८ मध्ये तार्दिव्हेल नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं पुद्दुचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवळातल्या काही नर्तकी आणि वादक करार करून युरोपात नेले. पॅरिसच्या व्हारिएते थिएटरात आणि पुढे लंडनच्या अडेल्फीत त्यांचे प्रयोग झाले. त्यांतली अम्मनी नावाची तरुण नर्तकी पाहून कवी तेओफील गोतिए वेडावला. त्यानं तिच्यावर लिहिलं, शिल्पकार बारनं तिचा ब्राँझचा पुतळा केला. पुढे युरोपच्या बॅलेत देवळातली नर्तकी हे पात्रच पक्कं झालं. नृत्यदिग्दर्शक पेतिपाचा 'ला बायादेर' हा बॅले १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आला, तो आजही जगभर होतो. त्यात देऊळ आहे, राजा आहे, साप आहे, फक्त हिंदुस्थान नाही. जयसिंगनं २०१५ मध्ये 'बायादेर – द नाइन्थ लाइफ' केलं, ते या पेतिपाला दिलेलं उत्तर. ते सुरू होतं एका आजच्या तरुणाच्या चॅटवरून. तो पहिल्यांदाच बॅले पाहून आलाय आणि मित्राला त्याची गोष्ट सांगतोय, अर्थात टिंगल करत. मग बघता बघता रंगमंच १८३८ मध्ये जातो, गोतिएचे शब्द ऐकू येतात, आणि कातडीचा रंग, केस, हातपाय असं सगळं न्याहाळणारी ती नजर समोर उभी राहते. टिंगल करणारा स्वतःच त्या नजरेखाली येतो.

हे काम रॉयल ऑपेरा हाउसच्या लिनबरी थिएटरमध्ये झालं, म्हणजे ज्या इमारतीत मूळ बॅले दिमाखात होतो तिथंच. त्यामागे जयसिंगच्या कंपनीची पंचवीसहून जास्त वर्षांची सलग तालीम होती. पगारी नर्तक, नेमलेले संगीतकार, वर्तमानपत्रांतले कडक समीक्षक, आणि पहिल्या काही वर्षांत 'हे भरतनाट्यम की आणखी काय' म्हणून दोन्ही बाजूंनी खाल्लेल्या शिव्या. असं काम उन्हाळी सुट्टीत उरकता येत नाही.

अक्रम खानबद्दल मराठीतही लिहून आलंय, म्हणून थोडक्यात. १९७४ मध्ये लंडनला बांगलादेशी घरात जन्म, सात वर्षांचा असल्यापासून प्रताप पवारांकडे कथक, पोरवयातच पीटर ब्रूकच्या 'महाभारता'त भूमिका, २०००मध्ये स्वतःची कंपनी. २०१८ च्या 'झेनोस'मध्ये तो पहिल्या महायुद्धातला हिंदी शिपाई होतो. सुरुवातीला मैफल चाललीय, तबला-गाणं आहे, कथक आहे. हळूहळू बैठकीचं सामान दोरांनी ओढलं जाऊन मागच्या उभ्या उतारावरून नाहीसं होतं. पायातले घुंगरू सुटतात आणि तीच माळ अंगावर काडतुसांच्या पट्ट्यासारखी दिसायला लागते. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली होती. ब्रिटन सरकारनं युद्धाच्या शताब्दीसाठी जो कला-उपक्रम चालवला होता, त्याचे पैसे या कामात होते. म्हणजे साम्राज्यासाठी मेलेल्या आणि विसरल्या गेलेल्या शिपायाचा जाब त्याच देशाच्या तिजोरीतून विचारला गेला.

आता अटलांटिक ओलांडू. १९६५ मध्ये अमेरिकेनं इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनियरांना दार उघडलं. योगायोग असा की कलेला मदत करणारी 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही केंद्रीय संस्थाही त्याच वर्षी निघाली. पण आपल्या लोकांचा तिच्याशी फारसा संबंध आला नाही. आपण आपलं आपण भागवलं. हात पसरायचे नाहीत, हा मध्यमवर्गीय बाणा. त्यातून जे तयार झालं त्याचं सर्वांत मोठं रूप म्हणजे अरंगेत्रम, भरतनाट्यम शिकलेल्या मुलीचा पहिला जाहीर प्रयोग.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलगी सोळा-सतरा वर्षांची. दहा वर्षं क्लास झालाय. जुलै-ऑगस्टमधला शनिवार, शाळेचं किंवा कम्युनिटी कॉलेजचं भाड्यानं घेतलेलं सभागृह, तीनचारशे पाहुणे, लग्नासारखी छापील पत्रिका. साथीला नट्टुवांगम (झांजांवर ताल आणि बोल), गायिका, मृदंगम, व्हायोलिन. मृदंगमवाले चेन्नईहून आलेले असतात आणि उन्हाळाभर दर शनिवारी वेगळ्या गावी वेगळ्या मुलीला साथ करत फिरतात. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत अख्खा मार्गम, म्हणजे रचनांचा ठरलेला क्रम, होतो. मधला वर्णम अर्ध्या-पाऊण तासाचा, त्यात मुलीचा कस लागतो, आणि बहुतेक मुली तो खरोखर उत्तम पार पाडतात. मग पदम. रात्र दुसरीकडे काढून पहाटे परतलेल्या नायकाला नायिका विचारते, हे नखांचे वण कुणाचे? ही नायिका साकारणारी मुलगी एडिसनच्या पब्लिक स्कूलमध्ये शिकते. समोर तिचे वर्गमित्र बसलेत, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. कपडे बदलायच्या वेळात बाबा स्लाइड शो दाखवतात. शेवटी गुरूंचा सत्कार, आईचे अश्रू, बाहेर जेवण. आणि सप्टेंबरात मुलगी कॉलेजला जाते. घुंगरू आईच्या कपाटात.

याची टवाळी करायचा माझा हेतू नाही. दहा वर्षं अंग मोडून एखादी गोष्ट शिकणं ही लहान बाब नव्हे, आणि परक्या देशात वाढणाऱ्या पोरीला स्वतःच्या रंगाची, नाकाडोळ्यांची लाज न वाटता हजार डोळ्यांसमोर उभं राहता येणं, हेही मोलाचं. माझा प्रश्न पुढचा आहे. लग्नाइतका खर्च केलेला हा समारंभ संपल्यावर त्या तयार झालेल्या अंगाला पुढे जायला रस्ता कुठाय? ज्या मुलीला वर्णम येतो तिला स्वतःचंही काही म्हणायचं असेल की. आजीच्या व्हिडिओ कॉलबद्दल, शाळेत पडलेल्या नावाबद्दल, घरी चालणाऱ्या जातीच्या गप्पांबद्दल. ते म्हणायला खोली नाही, पगार नाही, प्रेक्षक नाही. कॉलेजच्या अर्जात मात्र एक ठसठशीत ओळ आहे.

माझं म्हणणं अमेरिकेतल्याच एका राज्यावर घासून पाहता येतं. मिनेसोटा. तिथे भारतीयांची वस्ती न्यू जर्सीच्या मानानं अगदी किरकोळ, थंडी जीवघेणी. पण मिनियापोलिसमध्ये राणी रामस्वामींनी १९९२ मध्ये काढलेली 'रागमाला' ही भरतनाट्यमची कंपनी आज देशभर प्रयोग करते, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरपर्यंत गेलीय. शेजारच्या सेंट पॉलमध्ये अनन्या चटर्जींची 'अनन्या डान्स थिएटर' आहे, जी ओडिसीच्या पायावर अन्याय आणि पर्यावरणाचे विषय घेऊन उभी राहिली. दोन्ही तिथेच का? कारण त्या जोडशहरांत कलेला पैसे देणाऱ्या खासगी प्रतिष्ठानांची जुनी परंपरा आहे. शिवाय २००८ मध्ये मिनेसोटाच्या मतदारांनी स्वतः मतदान करून विक्रीकर तीन अष्टमांश टक्क्यानं वाढवून घेतला, पाणी, जंगलं आणि कला यांच्यासाठी. लोकसंख्या नव्हे, बँकेतली शिल्लक नव्हे, तर तालमीला पैसे देणारी यंत्रणा जिथे होती तिथे काम उभं राहिलं. मुंबई-पुण्याचे जे लोक अमेरिकेत करांना शिव्या घालतात, त्यांनी हे उदाहरण जरूर वाचावं.

ब्रिटनच्या वाटेतले खड्डेही सांगायला हवेत. सरकारी पैसा फॉर्म भरायला लावतो, आणि फॉर्मला रकाने असतात. 'साउथ एशियन डान्स' हा एक रकाना झाला. त्यात मग भांगडा, भरतनाट्यम, कथक, बॉलिवूड सगळं एकाच डब्यात. बीबीसीनं २०१५ मध्ये तरुण नर्तकांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा बॅले, कंटेम्पररी आणि हिपहॉपच्या बरोबरीनं साउथ एशियन हाही वेगळा विभाग ठेवला. मान म्हणावा तर मान, कुंपण म्हणावं तर कुंपण. निव्वळ पारंपरिक मार्गम करणाऱ्या कलावंतांची तर तिकडे जुनी तक्रार आहे की नव्याला पैसे मिळतात, जुन्याला टाळ्या. ती खोटी नाही. आणि सरकारचा मूड बदलला की पैसा आटतो. अमेरिकेच्या त्या केंद्रीय संस्थेनं २०२५ च्या मे महिन्यात मंजूर झालेली अनुदानंसुद्धा पत्र पाठवून रद्द केली. सरकारवर विसंबून सगळं सोडावं असं मी म्हणत नाही ते यासाठीच.

'आधी जपू तरी द्या, नवं नंतर' असं म्हणणारे मात्र मला मान्य नाहीत. जे जपायचं म्हणतात ते तरी कुठे जसंच्या तसं होतं? आज परदेशात 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून सादर होणारं भरतनाट्यम १९३० च्या दशकात मद्रासमध्ये नव्यानं बांधलं गेलं. ज्या देवदासी घराण्यांतल्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलं, त्यांच्या हातून ते उच्चवर्णीय घरांतल्या मुलींकडे आलं, आणि त्या बायकांच्या वाट्याला १९४७ चा बंदी कायदा आला. त्या घराण्यातल्या बालसरस्वती १९६२ मध्ये अमेरिकेत नाचल्या, पुढे तिथे शिकवलंही. अरंगेत्रमच्या पत्रिकेवर हा इतिहास क्वचित असतो.

आणि ज्या मार्गमसाठी आज चेन्नईचे वादक विमानानं जातात, त्याची आजची मांडणी मुख्यतः कुणाच्या दरबारात झाली? तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांच्या. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ त्या दरबाराचे आश्रित. म्हणजे मुलूख सोडून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दूर गेलेल्या मराठी घराण्यानं परक्या भाषेच्या प्रदेशात कलावंतांना बिदागी देऊन नवं काम करवून घेतलं. सरफोजीराजांच्या नावावर 'देवेंद्र कोरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. त्यात भविष्य सांगणारी कोरवंजी गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, सगळं. किती गमतीदार आणि किती आधुनिक कल्पना! त्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तिथल्या शहाजीराजांनी मराठीत नाटकं रचली. आपण रंगभूमीदिन साजरा करतो तो १८४३ च्या सांगलीच्या प्रयोगावरून, पण त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी मराठी नाटक लिहिलं जात होतं, आणि ते महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसांकडून. परदेशस्थांनी फक्त जपायचं आणि नवं मुंबई-पुण्यानं द्यायचं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे. इतिहासात तरी ती नाही.

मी पुण्यात बसून हे लिहितोय. तिकडच्या लोकांना उपदेश करायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण दौऱ्यावर जाणारी नाटकं इथूनच जातात, त्यामुळे व्यवहाराची एक बाजू इथली आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं, दर दोन वर्षांनी त्याचं मोठं अधिवेशन भरतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, लंडनचं तर १९३२ चं. इतक्या वर्षांत या मंडळांनी किती गुणी कलाकार तिकडे नेले, किती हौशी नाटकं केली, किती पोरांकडून गणपतीत लेझीम करवून घेतलं! हे कष्ट स्वयंसेवकांचे, रात्री जागून केलेले. तरीही अधिवेशनाच्या खर्चाचा मोठा वाटा जातो तो इथून नेलेल्या मालिकांमधल्या चेहऱ्यांवर, गायकांवर, त्यांच्या विमानतिकिटांवर आणि हॉटेलवर. इथे शंभर प्रयोग झालेलं नाटक तिथे एकशेएकावं होतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरात काय चाललंय, याबद्दलचं नाटक मात्र न्यू जर्सीतच मिळत नाही.

आणि हीच माणसं तालमीच्या गावची! कित्येकांनी कॉलेजात असताना 'पुरुषोत्तम'साठी रात्री काढल्यात. १९६३ पासून चाललेल्या या करंडकात भरत नाट्य मंदिरात विशीतली पोरं स्वतः लिहिलेली एकांकिका करतात. अनेक फसतात, वरून 'आव्वाज कुणाचा' ऐकतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासूनची. सरकारनं हौशी संस्थांना थोडे पैसे आणि थिएटर द्यायचं, गावोगावच्या कारकुनांनी, मास्तरांनी, बँकवाल्यांनी नवं नाटक उभं करायचं. मराठी रंगभूमीचे कितीतरी लेखक आणि नट या एका सोयीतून आले. ज्यांनी हे पाहिलंय, त्यांनीच तिकडे जाऊन हॉल तेवढा ठेवला आणि स्पर्धा विसरली, याचं मला नवल वाटतं.

मॉरिशसमध्ये उलट चित्र आहे. तिथे मराठी माणसं १८३४ नंतरच्या दशकांत मजूर म्हणून गेली, बहुतेक कोकणपट्टीतली. आज त्यांच्या घरात क्रिओल बोलली जाते. तरीही तिथलं सरकार निरनिराळ्या भाषांचे जे नाट्यमहोत्सव भरवतं, त्यांत मराठीही असते. आपल्या अमेरिकेतल्या मंडळींच्या तुलनेत पैसा नगण्य, मराठी पाच-सहा पिढ्या जुनी आणि झिजलेली, पण स्वतःचं नाटक स्वतः करायची सवय टिकलेली.

आपल्या राज्य सरकारचंही बोलायला हवं. २००९ मध्ये सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन झालं, गंगाधर पानतावणे अध्यक्ष होते. २०२३ पासून सरकार विश्व मराठी संमेलन भरवतं, त्यासाठी परदेशातून पाहुणे बोलावले जातात. दोन्हीकडे माणसांची ने-आण होते, फेटे बांधले जातात, भाषणं होतात. माणसांना विमानात बसवायला आपण तयार असतो. कुणाची संहिता पहिल्या खर्ड्यापासून प्रयोगापर्यंत न्यायचं म्हटलं की 'धोरण नाही'. दिल्लीच्या सांस्कृतिक संबंध परिषदेचं फारसं वेगळं नाही. इथले नर्तक तिकडे पाठवणं ती १९५० पासून करतेय, पण तिकडे जन्मलेल्या पोरीला तिचं काम करायला पैसे द्यावेत, हे तिच्या मूळ उद्देशात बसत नसावं.

नेहमीचा आक्षेप येईल तो भाषेचा. ही पोरं मराठी धड बोलत नाहीत, मग त्यांच्या इंग्रजी नाटकाला मराठी मंडळानं पैसे का द्यावेत? शहाजीराजांचं एक नाटक आहे, 'पंचभाषाविलास'. त्यात मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा बोलल्या जातात, कारण तंजावर तसं होतं. अमेरिकेतल्या शार्लटमधल्या घरात आई मराठीत रागावते, मुलगी इंग्रजीत उत्तर देते आणि आजीला दोन्हीतलं निम्मं कळतं, तर नाटकही तसंच असणार. कॅनडानं दीपा मेहतांचा 'वॉटर' हा हिंदी सिनेमा आपला अधिकृत सिनेमा म्हणून ऑस्करला पाठवला आणि २००७ मध्ये त्याला नामांकनही मिळालं. कॅनडाला हिंदी चालली, मग मंडळाला इंग्रजी का चालू नये?

सुरुवात कुठे झालीच नाही असंही नाही. २०२४ मध्ये सॅन होजेला 'नाफा' या तिथल्याच संस्थेचा मराठी चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि इथले सिनेमे दाखवण्याबरोबर तिथल्या माणसांकडून लघुपट करून घ्यायचा प्रयत्नही झाला. बे एरियात आणि न्यू जर्सीत हौशी नाटकवाले नोकऱ्या सांभाळून तालमी करतात. यांना टाळ्या मिळतात, पगार नाही. एका लेखकाला वर्षभर, एका नृत्यदिग्दर्शिकेला सहा महिने, पाच-सहा नटांना दोन महिने. अधिवेशनाच्या खर्चात हे सहज बसतं. दोन बडे चेहरे कमी आणायचे, एवढंच. निवड समितीत तिशीच्या आतले निम्मे लोक घ्यायचे. विषयाला अट घालायची नाही. संस्कृतीबद्दल काहीही सांगायला लावायचं नाही. जातीवर नाटक झालं आणि मंडळाचे आजी-माजी अध्यक्ष चिडले, तर चिडू द्यायचं. पहिली दोन-तीन कामं वाईट होतील हे गृहीत धरून पैसे तीन अधिवेशनांसाठी एकदम बाजूला ठेवायचे, नाहीतर पहिल्याच पडलेल्या नाटकानंतर सगळे म्हणतील, बघा, सांगत होतो ना. आणि जे तयार होईल ते शनिवारी रात्री मुख्य मंचावर लावायचं. रविवारी सकाळी, साबुदाण्याच्या खिचडीच्या रांगेच्या वेळी, बाजूच्या छोट्या हॉलमध्ये नको.